फॅक्स अजून का चालू आहे? गरज आहे की नुसती सवय?

टोनर_संपला:
एका परदेशी क्लायंटबरोबर काम चालू आहे. बोलणी ईमेलवर झाली, ड्राफ्ट ईमेलवर फिरले, व्हिडिओ कॉलवर सगळं फायनल झालं आणि शेवटी म्हणतात काय, सही केलेली प्रत फॅक्स करा. आमच्याकडे मशीनच नाही, मग ऑनलाइन फॅक्सची सर्व्हिस घेतली, पीडीएफ चढवली, आणि नंतर कळलं की मशीन त्यांच्याकडेही नाही, त्यांच्या सर्व्हरने फॅक्स घेतला आणि परत पीडीएफ करून त्यांच्याच इनबॉक्समध्ये टाकला. म्हणजे पीडीएफ निघाली आणि पीडीएफच पोचली, मध्ये फक्त तिची वाट लागली, कारण साध्या मोडमध्ये फॅक्सला उभ्या दिशेने इंचाला शंभरेक रेषा मिळतात, तेही काळं-पांढरं. शिक्का म्हणजे नुसता काळा डाग दिसत होता.

अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश संशोधकाने फॅक्सचं पेटंट घेतलं १८४३ साली, टेलिफोनच्या पेटंटच्या ३३ वर्षं आधी. आता पुरे की. आणि कायद्याला लागतो हे कारण कृपया देऊ नका, अमेरिकेत ई-सहीचा कायदा २००० चा आहे, आपला आयटी कायदाही त्याच सालचा.

फाइलबंद:
किस्सा भारी आहे, पण तुमचं काम म्हणजे एक करार, एक क्लायंट. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करते. इथे रोज अनोळखी ठिकाणी कागद जातात, दुसरं हॉस्पिटल, लॅब, विमा कंपनी, आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, एकाचं दुसऱ्याशी बोलत नाही. पोर्टल म्हटलं की आधी अकाउंट काढा, मग पासवर्ड, मग तो एक्स्पायर झाला, मग त्यांच्या हेल्पडेस्कला फोन. फॅक्सला फक्त नंबर लागतो. १९८० मध्ये ग्रुप ३ चं स्टँडर्ड ठरलं तेव्हापासून कुठल्याही कंपनीचं मशीन कुठल्याही मशीनशी बोलतं, असं दुसरं काय आहे सांगा बरं? आणि पोच लगेच हातात येते. ईमेल स्पॅममध्ये जाऊन बसला तर कोणाला कळणार?

जुना_मॉडेम:
पोचेबद्दल थोडं, कारण आयुष्य ह्या मशिनींच्या दुरुस्तीत गेलंय. पान गेलं की समोरचं मशीन मिळालं असा सिग्नल देतं आणि तो तुमच्या रिपोर्टवर ओके म्हणून छापला जातो. मशीनला मिळालं, माणसाला नाही. एरर करेक्शन बंद असेल तर काही रेषा खराब आल्या तरी मशीन पान स्वीकारतं आणि ओके देतं. सगळ्यात कहर म्हणजे कागद फीडरमध्ये उलटा घातला तर कोरी पानं जातात, तरी रिपोर्ट ओके. असे रिपोर्ट फाइलला लावून निर्धास्त बसलेले लोक मी भरपूर पाहिलेत.

शिवाय आता फोनच्या लाइनीच इंटरनेटवर गेल्यात. आवाजासाठी केलेलं कॉम्प्रेशन फॅक्सच्या टोनांना झेपत नाही, एखादं पॅकेट हरवलं की कॉल तुटतो. त्यासाठी टी.३८ नावाचं, इंटरनेटवरून फॅक्स नेण्याचं स्टँडर्ड आहे, पण वाटेतल्या सगळ्यांनी ते नीट लावलेलं असलं तर.

फाइलबंद:
उलटा कागद हा दोष माणसाचा झाला हो, ईमेलला अटॅचमेंट लावायची राहतेच ना? निदान ह्या वेळेला ह्या नंबरावर इतकी पानं गेली एवढं तरी माझ्याकडे कागदावर असतं.

शून्य_भरोसा:
सिक्युरिटीवर कोणीच बोलत नाहीये म्हणून. फॅक्स सेफ आहे असं लोक गृहीत का धरतात कळत नाही. लाइनवर एन्क्रिप्शन नाही. जर्मनीत ब्रेमेनच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी २०२१ मध्येच सांगून टाकलं की फॅक्स हा एन्क्रिप्ट न केलेल्या ईमेलइतकाच सुरक्षित आहे, संवेदनशील माहितीला वापरू नका. २०१८ मध्ये चेक पॉइंट ह्या सिक्युरिटी कंपनीच्या संशोधकांनी एचपीच्या ऑल-इन-वन प्रिंटरला नुसता एक फॅक्स पाठवून प्रिंटर ताब्यात घेतला आणि तिथून आतल्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवलं. एचपीने पॅच काढला, पण कोपऱ्यातल्या त्या मशीनला पॅच मारतो कोण? आणि फिल्म रोलवाली जी साध्या कागदाची मशिनं असतात ना, त्यांच्या वापरलेल्या रोलवर आलेलं प्रत्येक पान उमटलेलं असतं, उजेडात धरा आणि वाचा. लोक तो रोल सरळ कचऱ्यात टाकतात!

ताळा_जुळत_नाही:
सगळं मान्य, पण मी अकाउंट्समधला माणूस, माझी झोप उडते ती ईमेलमुळे. पुरवठादाराचं मेलबॉक्स हॅक होतं, आमचं बँक खातं बदललंय असा मेल येतो, भाषा तीच, सही तीच, आधीचं सगळं बोलणं खाली जोडलेलं, आणि पैसे भलतीकडे. फॅक्सवर कोणी लिंक क्लिक करत नाही. म्हणून खाते बदलाचा कागद आम्ही फॅक्सवरच घेतो.

शून्य_भरोसा:
अहो पण फॅक्सच्या वर जो पाठवणाऱ्याचा नंबर छापून येतो तो पाठवणाराच आपल्या मशीनमध्ये भरतो! कोणीही काहीही भरेल. आणि जुनी सही कात्रीने कापून नव्या कागदावर चिकटवा, फॅक्समध्ये जोड दिसतही नाही. तुम्हाला वाचवत असेल तर जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून खात्री करणं वाचवतंय, आणि ते ईमेलनंतरही करता येतं.

ताळा_जुळत_नाही:
फोन तर करतोच. पण फॅक्स आला की सगळे थांबतात, विचारतात, मेल आला की पटकन पुढे ढकलतात. ह्या थांबण्यालाही किंमत आहे की नाही?

टोनर_संपला:
थांबण्याची किंमत एल्व्हिस डुमरव्हिलला विचारा. अमेरिकन फुटबॉलमधला तगडा खेळाडू, मार्च २०१३ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याचा करार बदलून दिला, तो कबूल झाला, आणि सही केलेला फॅक्स मुदत संपल्यावर काही मिनिटांनी पोचला. टीमला त्याला सोडावं लागलं, तो बाल्टिमोरला गेला. दोन्ही बाजू राजी, तरी करार गेला.

हळूहळू_चला:
तो प्रकार मुदतीच्या तोंडावर सही करण्याचा आहे, मेलवरही झाला असता. खरी गंमत फॅक्स बंद करायला निघालेल्यांची. इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत २०१८ मध्ये जवळजवळ ९००० मशिनं सापडली, डिसेंबरमध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांनी फर्मान काढलं, जानेवारी २०१९ पासून नवीन खरेदी बंद आणि ३१ मार्च २०२० पर्यंत सगळी बाद. जपानमध्ये २०२१ साली तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स काढायचं ठरवलं तर खात्यांकडून शेकडो हरकती आल्या आणि माघार घ्यावी लागली. मशीन उचलून न्यायला दोन माणसं पुरतात, पण तिच्याभोवती कामाची जी वहिवाट बसलेली असते ती तशी उचलता येत नाही. आणि हिपासारखा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा अमेरिकेतला, कडक कायदासुद्धा फॅक्सला मनाई करत नाही, वाजवी काळजी घ्या म्हणतो, मग बदलायची घाई कोणाला असणार?

फाइलबंद:
हेच तर म्हणतेय. उद्या लाइन तोडलीत तर रात्री दोन वाजता रेफर केलेल्या पेशंटचे कागद कसे पाठवू, ह्याचं उत्तर एकानेही दिलेलं नाही.

जुना_मॉडेम:
एकदम तोडू नकाच. आधी पाठवणं बंद करा, घेणं चालू ठेवा. आलेला फॅक्स छापू नका, सर्व्हरवर घ्या, आणि कोणत्या नंबरावरून किती येतात त्याची नोंद ठेवा. बहुतेक ठिकाणी असं निघतं की पाठवणारे मोजकेच असतात, त्यांच्याशी एकेक करून सुरक्षित मेल नाहीतर थेट जोडणी करता येते. राहिलेल्यांसाठी एक लाइन राहू द्या. आणि हो, जुनं मशीन भंगारात देण्याआधी त्यातला रोल काढून फाडा, मेमरी पुसा.

फाइलबंद:
नोंद ठेवायचं पटलं, करून बघते. पण त्या मोजक्यांत सगळ्यात मोठी विमा कंपनीच निघणार आहे, आणि त्यांच्या फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलंय की कागदपत्रं फक्त फॅक्सने पाठवावीत. त्यांना कोण सांगणार ते पण बोला.