‘जड’ म्हणजे वजनाला जास्त, की हलायला नाखूश?

बाराखडी : मुलांच्या विज्ञानपुस्तिकेचं भाषांतर करतेय. मी लिहिलं होतं, ‘वस्तू जितकी जड, तितका ती हलवायला जास्त जोर लागतो.’ संपादकांनी ‘जड’ खोडून ‘अधिक वस्तुमानाची’ केलं आणि ‘जोर’च्या जागी ‘बल’ घातलं. म्हणे, जड म्हणजे वजनदार, आणि इथे वजनाचा संबंध नाही. ‘जड’ खरंच चूक आहे का?

ओळंबा : संपादकांचं बरोबर आहे. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते, वजन म्हणजे तिच्यावरची गुरुत्वाची ओढ. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन, चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश. घर्षण सोडलं तर त्याला तेवढंच त्वरण (वेग बदलण्याचा दर) द्यायला दोन्हीकडे बल मात्र तेवढंच लागणार. अंतराळस्थानकात वजनकाटा चालतच नाही. तिथे अंतराळवीराला ठरावीक बलाने ओढतात, त्वरण किती आलं ते मोजतात आणि त्यावरून वस्तुमान काढतात.

निरुक्त : पण संस्कृतात ‘जड’चा अर्थ अचेतन, मंद, थिजलेला. जड-चेतन, जडबुद्धी आठवा. ‘जडत्व’ (वस्तूचा आहे त्याच स्थितीत राहण्याचा गुण, इंग्रजीत इनर्शिया) हा शब्द त्या अर्थावर उभा आहे, वजनावर नाही. लॅटिन ‘इनर्स’ म्हणजेही निष्क्रिय, आळशी. इनर्शिया त्यातूनच आला. माझ्या मते बाराखडीताईंचं वाक्य संपादकांच्या वाक्याहून मुळाशी जास्त प्रामाणिक आहे.

ओळंबा : मूळ काहीही असो, आज मूल ‘जड’ ऐकतं तेव्हा उचलायला जड असंच समजतं ना?

बाराखडी : भाचीला झोपाळ्यावर दाखवलं होतं. रिकामा झोपाळा तिने एका बोटाने ढकलला. मग मी बसले आणि ती दोन्ही हातांनी रेटत राहिली तरी जेमतेम हलला. माझं वजन तर साखळ्यांनी पेललेलं होतं, तिला काहीच उचलायचं नव्हतं. तरी ती म्हणाली, ‘मावशी, तू जड आहेस.’ तिला वजन म्हणायचं नव्हतं!

पानटीप : मराठी विश्वकोशात इनर्शियाला ‘निरूढी’ आहे, फोर्सला ‘प्रेरणा’, मासला ‘द्रव्यमान’. ‘निरूढी’ घेतली असती तर हा घोळच झाला नसता.

काना-मात्रा : प्रेरणा? आज ती भाषणातून मिळते, धक्क्यातून नाही. बल, वस्तुमान, त्वरण शाळेत रुळलेत, ते राहू द्या. ‘जोर’ मात्र फारसी आहे, तो काढला हे योग्यच.

निरुक्त : मग ‘वजन’ही काढा, ते अरबी आहे. पाठ्यपुस्तकात तर सुखाने नांदतंय.

काना-मात्रा : त्याला ‘भार’ आहेच की. पण ते जाऊ दे, मला खरी खुपते ती दुसरीच गोष्ट. ‘ब्रेक लागला की आपण पुढे फेकले जातो’ असं पुस्तकांत छापतात. फेकतं कोण? गाडीचा वेग कमी होतो, आपला तसाच राहतो. ‘पुढे जात राहतो’ लिहायला हवं.

पानटीप : बोलताना कोण असं म्हणेल? ‘तोल गेला’ म्हणतो आपण.

ओळंबा : ‘तोल’ म्हणजे पुन्हा वजनच आलं!

निरुक्त : बाराखडीताईंनी वर ‘रेटत राहिली’ लिहिलंय, त्यात खरा ऐवज आहे. रेटा सावकाश आणि टिकून असतो, धक्का क्षणाचा. संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) तेवढाच बदल थोड्या बलाने बराच वेळ रेटूनही होतो, मोठ्या बलाच्या एका धक्क्यानेही. दोन्हींना ‘बल लावले’ म्हटलं की वेळ दिसेनासा होतो. ‘हिसका’ यात कुठे बसवायचा, कुणी सांगेल का?