मदत हवी आहे: शाळेसमोरच्या रस्त्याच्या कामात इंजिनीअरिंग कॉलेजला कसं जोडून घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी नागपूर जिल्ह्यात एका शाळेत शिकवते. शाळा राज्य महामार्गाला अगदी लागून आहे, गेट उघडलं की डांबरच. साइडपट्टीवर ऑटो आणि भाजीचे ठेले उभे असतात त्यामुळे पाच वाजता शाळा सुटली की पोरं डांबरावरूनच चालतात आणि बाजूने रेतीचे टिप्पर सुसाट जातात. स्पीडब्रेकर आहे, पण त्यावरचा पांढरा पट्टा कधीच पुसला गेलाय, नवख्या ड्रायव्हरला तो दिवसाही दिसत नाही.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं, मग चित्रकला स्पर्धा, शपथ, हेल्मेट रॅली. मुलं मनापासून करतात, माझा विरोध नाही, पण दुसऱ्या दिवशी रस्ता तसाच असतो ना! आयआयटी दिल्लीचं ट्रिप सेंटर आहे, वाहतूक आणि अपघात टाळण्यावर संशोधन करणारं, दिवंगत प्रा. दिनेश मोहन आणि प्रा. गीतम तिवारी यांचं, ते लोक कित्येक वर्षं हेच मांडतायत की नुसत्या प्रबोधनावर भिस्त ठेवून चालत नाही, रस्त्याची रचना बदलून वेग खाली आणावा लागतो. आणि ते पटतं, कारण तिसरीच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग जोखताच येत नाही, त्याला कितीही शपथा द्या. २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसं रस्ते अपघातांत गेली.

नागपूर शहरात २०२१ पासून रस्ता सुरक्षेचा आयरास्ते प्रकल्प चालू झाला, त्यात ट्रिपलआयटी हैदराबाद, सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था), इंटेल, महापालिका असे सगळे एकत्र आले, शहरातल्या 'आपली बस' गाड्यांमध्ये कॅमेरे लावून धोक्याच्या जागा हेरल्या. मला एवढं मोठं काही नको. एम.टेक.च्या पोरांनी येऊन आमच्या सातवी-आठवीच्या मुलांना सोबत घेऊन वेग मोजावा, त्यात मुलांचं गणितही होईल, आणि त्याचा रिपोर्ट कॉलेजच्या लेटरहेडवर पीडब्ल्यूडीला जावा.

तर पत्र कोणाला लिहायचं, एचओडींना (विभागप्रमुखांना) की एनएसएसवाल्यांना? ते पैसे मागतात का? कोणी असं केलंय का?

प्रतिसाद १
ताई, मी ट्रान्सपोर्टेशनमध्येच एम.टेक. केलंय. थेट ट्रॅफिक इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना लिहा आणि एचओडींना प्रत द्या. टर्म सुरू होताना लिहा, तेव्हा पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. ऑफिशियल कन्सल्टन्सी म्हटलं की फी लागते, स्टुडंट प्रोजेक्ट म्हणून मागा. उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ पासून आहे, कॉलेजांनी जिल्ह्यातले प्रश्न घ्यावेत यासाठीच, त्याचा उल्लेख जरूर करा. कॉलेज हो म्हणेपर्यंत थांबू नका. रस्त्याकडेला चुन्याच्या दोन खुणा करा, ५० मीटर अंतरावर, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ६ सेकंद लागले तर ताशी ३० किमी, ३ सेकंद लागले तर ६०. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५वा बघा, म्हणजे ८५ गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू गेल्या, इंजिनीअर तोच आकडा विचारतात. मुलांना मात्र कंपाउंडच्या आतच उभं करा, ती दिसली की ड्रायव्हर स्लो करतात आणि आकडे चुकतात, शिवाय जीवाची काळजी आहेच.

प्रतिसाद २
रिपोर्ट फक्त पीडब्ल्यूडीला देऊ नका, कलेक्टर अध्यक्ष असतात त्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या. आणि त्यात 'उपाय करावेत' असं मोघम नको, आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) प्रमाणे स्पीडब्रेकर, त्यावर रंग, आधी बोर्ड, असं नेमकं मागा.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. दादा, कंपाउंडच्या आतून एक खूण नीट दिसेल, दुसरीकडे लिंबाच्या झाडाचा आडोसा आहे, वर्गाच्या गच्चीवरून मोजलं तर चालेल का? आणि कॉलेजला द्यायच्या पत्राचा नमुना कोणाकडे असेल तर प्लीज इथेच टाका, मुख्याध्यापक सही करायला तयार आहेत.