विका, शेकरू आणि माझे साठ माड

रानफिरस्ता:
काल इथे एकाने लिहिलं, 'सॉलोमन बेटांवर म्हणे राक्षसी उंदीर सापडलाय. नारळ फोडणाऱ्या उंदरासाठी लाकूडतोड थांबवायची?' वाचून डोकंच फिरलं. 'सापडला' काय? तिथल्या वांगुनू बेटावरची माणसं त्याला पिढ्यान्‌पिढ्या विका म्हणतात. प्राणीशास्त्रज्ञ टायरोन लॅव्हरी २०१० पासून त्याच्या मागावर होते. २०१५ मध्ये लाकूडतोडीत झाड पाडलं, त्यात एक विका जखमी होऊन मेला. त्यावरून २०१७ मध्ये शास्त्रीय नोंद झाली. शेपटीसकट दीड फूट लांब, राहतो उंच झाडांवर. झाडंच तोडली तर जाणार कुठे? आणि 'उंदीर' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, शेकरूही कुरतडणाऱ्यांच्याच कुळातलं!

वाडीवाला:
शेकराचं नाव काढलंत म्हणून बोलतो. माझे साठ माड आहेत. शेकरं शहाळी पोखरतं, पण राज्यप्राणी, हात लावायची सोय नाही. भरपाईसाठी दोनदा कचेरीत खेटे घातले. साहेब विचारतात, 'वानराने नाही, शेकराने खाल्लं कशावरून?'

अपरांत:
साहेब बरोबरच बोलले. नासधूस वानरांची, आळ शेकरावर.

वाडीवाला:
वाडीत कधी राहिलात का? वानर टोळीने येतात, शहाळी तोडून खाली फेकतात. शेकरं एकटं येतं, माडावरच भोक पाडतं. पाडेल्याला माडामागे पैसे मोजायचे ते पोकळ फळं उतरवायला?

अपरांत:
बरं, भोक शेकराचं. पण वानरांचं नुकसान जास्त, हे मी सोडणार नाही.

माहेरवाशीण:
वाडीवालेदादा खरं सांगतायत, आमच्या माहेरीही अशीच शहाळी मिळायची. पण विषय वांगुनूचा आहे ना? झायरा गावाने आपलं रान राखलंय. त्यांच्याच सोबतीने तिथे कॅमेरे लावले, तिळाच्या तेलाचं आमिष ठेवलं. चार विकांचे फोटो मिळाले, २०२३ मध्ये छापून आले. आणि त्याच रानात लाकूडतोडीला परवानगी दिलीय! गाव नको म्हणतंय, ते कोण ऐकणार?

वाडीवाला:
गावच नको म्हणत असेल तर तोडू नये, एवढं मान्य. रान त्यांचं आहे. पण मग आमच्याकडे राज्यप्राणी ठरवताना वाडीवाल्यांना कुणी विचारलं होतं?

रानफिरस्ता:
नव्हतं विचारलं. भरपाई मिळायलाच हवी. त्यासाठी वेगळा धागा काढा, पहिली सही माझी. इथे मात्र विकावरच बोलू.