दोनशे मीटरला मागे होता, मग विक्रम आला कुठून?

वहीवाली

नमस्कार. फुकुओकाच्या २०२३ च्या जागतिक जलतरण स्पर्धेतली पुरुषांची ४०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच पोहणाऱ्याने चारही प्रकार शंभर-शंभर मीटर पोहायची शर्यत) मी आजवर तीसेक वेळा तरी पाहिली असेल. फ्रान्सच्या लेओन मार्शाँने ४:०२.५० वेळ देऊन मायकेल फेल्प्सचा बीजिंग २००८ चा ४:०३.८४ हा विक्रम मोडला. फेल्प्स तिथेच समालोचन करत होता आणि सुवर्णपदकही त्याच्याच हातून दिलं गेलं. ते दृश्य आलं की अजून घसा दाटतो.

परवा दोघांच्या वेळा वहीत शेजारी शेजारी मांडल्या. आधी फेल्प्स, मग मार्शाँ:

बटरफ्लाय ५४.९२ / ५४.६६
बॅकस्ट्रोक १:०१.५७ / १:०१.९८
ब्रेस्टस्ट्रोक १:१०.५६ / १:०८.६४
फ्रीस्टाइल ५६.७९ / ५७.२२

म्हणजे अर्धी शर्यत झाली तेव्हा मार्शाँ १५ शतांश सेकंदांनी मागे होता. शेवटच्या फ्रीस्टाइलमध्येही त्याने ४३ शतांश गमावले. तरी विक्रम १.३४ सेकंदांनी मोडला, कारण एकट्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याने १.९२ सेकंद काढले!

फेल्प्सचा ब्रेस्टस्ट्रोक काही कच्चा नव्हता. बीजिंगला दुसरा आलेला लास्लो चेह ४:०६.१६ ला, म्हणजे त्याच्या दोन सेकंदांहून जास्त मागे, पोहोचला होता. मग एकाच टप्प्यात एवढा फरक कसा पडतो? मी फक्त फ्रीस्टाइल पोहते, त्यामुळे त्या क्षणी अंगाला काय जाणवतं हे मला ठाऊक नाही. जे मिडले पोहले आहेत त्यांनी कृपया सांगावं.

तिसरी_लेन

ताई, वही झकास मांडली आहे. मी अकरा वर्षं ४०० मिडले पोहलो, तेव्हा अंगाचं मी सांगतो.

बटरफ्लायने खांदे भरून येतात. बॅकस्ट्रोकमध्ये पाय अखंड चालू असतात, त्यामुळे दोनशे मीटरच्या भिंतीला हात लागतो तेव्हा मांड्या पेटलेल्या असतात. आणि नेमक्या तिथेच तुम्हाला असा प्रकार पोहायचा असतो ज्याचा निम्म्याहून जास्त जोर लाथेतून येतो. बाकी तिन्ही प्रकारांत थकलेला माणूस हातांवर वेळ मारून नेतो, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ते जमत नाही. लाथ ढिली पडली की प्रत्येक स्ट्रोकनंतर शरीर पाण्यात जवळजवळ थांबतं आणि पुढच्या स्ट्रोकला ते पुन्हा हलवावं लागतं. शंभर मीटरभर असं झालं की सेकंदाचे तुकडे नाहीत, अख्खे सेकंद जातात. म्हणून मिडलेवाल्यांमधला सर्वांत मोठा फरक याच टप्प्यात दिसतो.

आता मार्शाँ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२४ ला एकाच संध्याकाळी त्याने २०० मीटर बटरफ्लाय (१:५१.२१) आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक (२:०५.८५) अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. दोन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम. या दोन शर्यतींची जोडी कुणी सहसा घेतच नाही. फेल्प्सने ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची वैयक्तिक शर्यत कधीच पोहली नाही. म्हणजे फेल्प्सने जो टप्पा मेहनतीने सांभाळला, तोच मार्शाँचा जन्मजात हुकमी टप्पा आहे. दोघांचे प्रशिक्षक मात्र एकच, बॉब बोमन. मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं.

घड्याळ_हातात

एक भर घालतो. फेल्प्सने २००८ मध्ये पॉलियुरेथेनचे पट्टे असलेला एलझेडआर रेसर हा पोहण्याचा पोशाख घातला होता. २०१० पासून फक्त कापडी पोशाख चालतो, पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. मार्शाँने साध्या कापडी जॅमरमध्ये (गुडघ्यापर्यंतच्या घट्ट चड्डीत) तो विक्रम मोडला, त्यामुळे वहीतला फरक आकड्यांपेक्षाही मोठा धरावा असं माझं मत.

वहीवाली

तिसरी_लेन, मनापासून आभार. ‘पुन्हा हलवावं लागतं’ हे वाचलं आणि एकदम उलगडलं. अजून एक शंका. बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोकला वळताना काही जण भिंतीजवळ अंग विचित्र पिळतात, काही जण चक्क उलटी कोलांटी घेतात. हे दोन्ही नियमात बसतं का?

तिसरी_लेन

बसतं, पण मिडलेतलं सर्वांत नाजूक वळण हेच. नियम असा की बॅकस्ट्रोकचा टप्पा पाठीवर असतानाच भिंतीला हात लावून संपला पाहिजे. हात लागायच्या आधी खांदा उभ्या रेषेपलीकडे छातीच्या बाजूला कलला की बाद. उलटी कोलांटी घेणारा पाठीवरच हात लावतो आणि पाय डोक्यावरून टाकतो. सुरक्षित आहे, पण श्वास बराच वेळ कोंडावा लागतो. पिळून वळणारा, ज्याला आम्ही क्रॉसओव्हर म्हणायचो, तो हात दुसऱ्या बाजूला नेऊन खांदा अगदी रेषेपर्यंत आणतो. हे सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोक्याचं.

मी एका मोठ्या शर्यतीत यावरच बाद झालो. तिसऱ्या क्रमांकावर होतो, शेवटपर्यंत जीव तोडून पोहलो, वर आलो तर फलकावर नावापुढे वेळच नव्हती. पंचाचा निर्णय बरोबर होता, खांदा कललाच होता. त्यानंतर वर्षभर रोज सरावाच्या शेवटी, पाय पूर्ण थकलेले असताना, हे एकच वळण वीस वेळा घ्यायचो. ताज्या अंगाने ते कुणालाही जमतं.

वळणानंतरचं ‘पुलआउट’, म्हणजे भिंतीला रेटा देऊन पाण्याखालून मारलेली पहिली झेपही बघा. बाकी तीन प्रकारांत १५ मीटरच्या आत डोकं वर यावं लागतं. ब्रेस्टस्ट्रोकला ती रेषा नाही, पण पाण्याखाली हातांची एकच पूर्ण ओढ, एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) आणि एक ब्रेस्टस्ट्रोकची लाथ एवढंच मिळतं. बॅकस्ट्रोकने दमलेल्या माणसाला हवा हवी असते, तो घाईने वर येतो आणि भिंतीने दिलेला वेग वाया घालवतो. मार्शाँ तिथे थांबतो. तेवढा धीर मला कधीच जमला नाही.

शेवटचे_पन्नास

सिंगापूरची २०२५ ची जागतिक स्पर्धा राहिली की! २०० मिडलेच्या उपांत्य फेरीत मार्शाँने १:५२.६९ वेळ दिली आणि रायन लॉक्टीचा २०११ चा १:५४.०० हा विक्रम थेट १.३१ सेकंदांनी मोडला. त्यात ब्रेस्टस्ट्रोकचे पन्नास मीटर ३२.१३ मध्ये. अंतिम फेरीत १:५३.६८, तरी सुवर्ण. नंतर ४०० मध्येही ४:०४.७३ ने जिंकला आणि मागे इल्या बोरोदिन व तोमोयुकी मात्सुशिता दोघेही ४:०८.३२ ला, रौप्य विभागून.

पण मला मिडले म्हटलं की जपानचा दाइया सेतोच आठवतो. २०१९ चा जगज्जेता, टोकियो ऑलिंपिक घरच्या पाण्यात. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, शेवटच्या शंभरात जोर राखून ठेवला आणि ४:१०.५२ ने नववा आला. अंतिम फेरीत आठच जण असतात. दुसऱ्या दिवशी कांस्यपदक ४:१०.३८ ला गेलं. पण दोन वर्षांनी फुकुओकात, पुन्हा आपल्याच लोकांसमोर, तो तिसरा आला. वहीवाली ताई, तुमच्या लाडक्या शर्यतीत कांस्य त्याचंच आहे, ४:०९.४१.

वहीवाली

तीस वेळा पाहूनही माझी नजर कधी तिसऱ्या क्रमांकावर गेली नव्हती. आज रात्री पुन्हा लावते. आधी दोनशेच्या भिंतीजवळचे खांदे, आणि मग फक्त सेतो.