नेट गेलं की विकत घेतलेला गेम उघडत नाही, पण जुनी डिस्क चालते. असं का?

दुकानवाली_कुडाळ:
मी स्वतः गेम खेळत नाही. कुडाळात आमचं पंखे-मिक्सर-इस्त्रीचं दुकान आहे. वस्तू विकायची आणि ती बिघडली की गिऱ्हाइकाची बोलणी खायची, एवढा व्यवहार मला कळतो. घरातल्या गेमच्या खोक्याचा व्यवहार मात्र डोक्यावरून गेला, म्हणून विचारते.

मागच्या आठवड्यात पाऊस असा लागला की रस्त्यावर माड पडून केबल तुटली. वीज दोन तासांत आली, नेट आलं पाचव्या दिवशी. शाळांना सुट्टी, पोरं घरात. आठवीतल्या चिरंजीवांनी कन्सोल लावला. त्यात चार गेम आहेत, सगळे ऑनलाइन स्टोअरमधून रोख मोजून घेतलेले, एक तर साडेतीन हजारांचा. चारही उघडेनात. नेटला जोडा, परवाना तपासायचा आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येऊन थांबायचं. हे गेम एकट्याने खेळायचे आहेत, समोर ऑनलाइन कोणी नसतं.

मग त्याने टीव्हीच्या खणातून एक ओरखडे पडलेली डिस्क काढली. मे महिन्यात कोल्हापूरच्या मामेभावाकडून सातशे रुपयांना घेतलेली. ती घातली आणि गेम सुरू! म्हणजे सातशेची जुनी चालते आणि साडेतीन हजारांचं नवं चालत नाही. सासूबाई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, "पैशे दिलंस मां? मगे ह्येका कुलूप कोणी घातल्यान?" मला उत्तर देता आलं नाही.

मी मिक्सर विकला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की रोज सकाळी दुकानात फोन करून विचारायचं, आज चटणी वाटू का, तर तो मिक्सर माझ्या डोक्यात घालेल. इथे तेच चाललंय ना? की आमचंच काही चुकतंय? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे दोन्हीकडच्या भक्तांची भांडणं वाचली आहेत.

राऊटर_बंद_करून_बघ:
ताई, दोन गोष्टी सांगा. गेम विकत घेतलेत की महिन्याच्या वर्गणीतले? वर्गणीतले असतील तर अधूनमधून नेट लागणारच. आणि दुसरं, गेम ज्या खात्यावर घेतलेत ते खातं कोणाचं? तेच खातं दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर चालू आहे का?

दुकानवाली_कुडाळ:
विकत घेतलेत. खातं माझ्या दिरांचं, ते पुण्याला असतात. कार्ड त्यांचं, पैसे मी पाठवते. त्यांनी दिवाळीत स्वतःलाही कन्सोल घेतलाय.

राऊटर_बंद_करून_बघ:
सापडलं. प्रत्येक खात्याला एकच कन्सोल 'घरचा' म्हणून नोंदवता येतो. त्या कन्सोलवर विकत घेतलेले गेम नेटशिवाय उघडतात, आणि घरातल्या दुसऱ्या खात्यांनाही खेळता येतात. बाकी कुठल्याही कन्सोलवर तेच खातं चालतं, पण गेम उघडताना दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला (तिच्या संगणकाला) नेटवरून विचारून. दिवाळीत भाऊजींनी पुण्याचा खोका 'घरचा' केला आणि तुमचा आपोआप पाहुणा झाला. नेट होतं तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही.

उलट करून टाका. ज्या गावात नेट जातं तिथला कन्सोल 'घरचा' हवा. पुण्यात भाऊजी स्वतःच्या खात्याने नेटवर खेळतीलच. ब्रँड सांगितला नाही म्हणून दोन्हीचं लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर सेटिंग्जमध्ये जनरल, मग पर्सनलायझेशन, त्यात 'माय होम एक्सबॉक्स'. हा बदल वर्षात पाचदाच करता येतो, उगाच खेळत बसू नका. सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर सेटिंग्ज, युझर्स अँड अकाउंट्स, अदर, आणि तिथे 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले'. पीएस४ असेल तर अकाउंट मॅनेजमेंटमध्ये 'प्रायमरी' करा. हे नेट चालू असतानाच करायचं.

जुनी_डिस्क_नाशिक:
सेटिंग बरोबर आहे, पण आजींचा प्रश्न तसाच राहिला. कुलूप घालायचा पहिला मोठा बेत २०१३ चा. तेव्हा मी हॉस्टेलवर होतो, एका खोलीत सहा पोरं आणि एक डिस्क. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तो असा: २४ तासांत एकदा नेटला जोडा, नाहीतर गेम बंद. मित्राच्या कन्सोलवर आपला गेम खेळायचा तर दर तासाला. जुनी डिस्क विकायची की नाही हे गेम काढणारी कंपनी ठरवणार. नेट नसलेल्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर त्यांच्या एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक म्हणाले, त्यांच्यासाठी आमचा एक्सबॉक्स ३६० आहेच. म्हणजे कोकणातल्यांनी जुनंच वापरा!

१० जूनला सोनीने लॉस एंजेलिसच्या गेमच्या मेळ्यात एवढंच सांगितलं की पीएस४ वर जुनी डिस्क चालेल आणि नेटची सक्ती नसेल. सभागृहात लोक ओरडत उठले. वर त्यांनी २२ सेकंदांचा व्हिडिओ काढला, 'गेम मित्राला कसा द्यावा'. एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात देतो, तो थँक्स म्हणतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. (कुटुंबातल्या दहा जणांत गेम वाटून घ्यायची चांगली सोयही त्याच फटक्यात गेली, हे कोणी आठवत नाही.)

आणि मग आपण काय केलं? सेल बघून स्टोअरवरूनच गेम घ्यायला लागलो. स्वस्त, घरबसल्या. ज्याच्यावरून बोंब मारली ते स्वतःहून गळ्यात घालून घेतलं. मी पण.

राऊटर_बंद_करून_बघ:
डिस्कवरही फार भिस्त ठेवू नकोस. 'द क्रू' आठवतो? २०१४ चा गाड्यांचा गेम. एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाल्यांच्या हातात कपाखाली ठेवायची चकती उरली. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलवर डिस्कऐवजी कार्ड लागतं, त्यातल्या काही कार्डांत तर गेमच नसतो, नुसती किल्ली. कार्ड घालायचं आणि गेम नेटवरून उतरवायचा. ते पुढे विकता येतं हे खरं. डबीवर तसं लिहिलेलं असतं, घेताना वाचायचं.

फुकट_सल्ला_वकिली:
ताईंच्या मिक्सरच्या उदाहरणातच उत्तर आहे. मिक्सर विकला की मालकी गेली. स्टोअरमध्ये 'बाय' (विकत घ्या) लिहिलेलं असतं, पण अटींमध्ये तो वापराचा परवाना असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: हा परवाना आहे हे स्पष्ट न सांगता 'बाय' लिहायचं नाही. कायमचा उतरवून नेटशिवाय वापरता येणाऱ्या मालाला त्यातून सूट.

आपल्याकडे गेमसाठी असा वेगळा कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' आला आहे, पण त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. साध्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि राहत्या ठिकाणी दाखल करता येते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन. तुमच्या बाबतीत मात्र फोन पुण्याला करा.

दुकानवाली_कुडाळ:
केला. भाऊजी आधी म्हणाले, "वहिनी, असं काही नसतं." मग स्वतःच सेटिंग उघडून गप्प झाले. रात्री आमचा 'घरचा' केला. चिरंजीवांनी लगेच राऊटरची पिन उपटली आणि चारही गेम एकेक करून उघडून दाखवले. सासूबाईंना सांगितलं, कुलूप काढलं. त्या म्हणाल्या, "चावी खंय हा?" पुण्याला, म्हटलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि माळ ओढायला लागल्या.

तर आता यापुढे खर्च डिस्कवरच. क्रिकेटच्या गेमची जुनी, बिनासर्व्हरची डिस्क कोणाला काढायची असेल तर कळवा. सावंतवाडी ते कणकवली कुठेही असाल, मी येऊन घेऊन जाईन. बिल नसलं तरी चालेल.