२०१८ची डिझेल डिझायर देऊन नवी पेट्रोल डिझायर घ्यावी का? कुंभार्ली घाट नेहमीचा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमची २०१८ची डिझायर, व्हीडीआय, डिझेल मॅन्युअल. कराडला राहतो, गाव गुहागर तालुक्यात. म्हणजे गणपती, शिमगा, मे महिना आणि मधे काही निघालं तर एरवीही कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी १ लाख ३५ हजार पळाली आहे. इंजिन ठणठणीत, पण क्लच जड झालाय, पुढचं सस्पेन्शन खडखडतंय आणि चारही टायर बदलायला आलेत. मेकॅनिकने सगळं मिळून साठ-पासष्ट हजार सांगितले.

त्यावरून घरात विषय निघाला की आता नवीनच घेऊ. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्यापासून नवी डिझायर आवाक्यातही आलीय. पण नवीत डिझेल नाहीच. चालवून बघितली, सपाट रस्त्याला छान वाटली. पण पाच माणसं, एसी आणि भरलेली डिकी घेऊन चिपळूणहून वर चढताना काय होईल, हे शोरूमच्या दोन किलोमीटरच्या फेरीत कसं कळणार?

आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. मुलं ११ आणि ६. वर्षाला नऊ हजार किलोमीटरच्या आसपास रनिंग. ज्यांनी दोन्ही गाड्या घाटात चालवल्यात त्यांनी सांगा. ब्रोशर वाचून झालंय.

सह्यकडा

अजिबात देऊ नका. तुमचं १.३ डिझेल म्हणजे १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, नव्या तीन सिलिंडर पेट्रोलचा ११२ सुद्धा नाही. हेच इंजिन स्विफ्ट, एर्टिगा, सियाझ, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो, सगळ्यांत होतं. गावोगावचा मेकॅनिक डोळे मिटून उघडतो, पार्ट कुठेही मिळतात. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल बंद केलं, आता असं इंजिन या किमतीत परत मिळणार नाही. तुमचं आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०३३पर्यंत चालतंय. पासष्ट हजार घाला आणि बिनधास्त फिरवा.

पन्हाळवाट

दादा, मी दोन्ही चालवल्यात म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडेही २०१८चीच डिझेल होती, तुमच्यासारखीच व्हीडीआय. ती देऊन गेल्या वर्षी नवी पेट्रोल मॅन्युअल घेतली. कोल्हापूरला राहते, माहेर रत्नागिरीचं. आंबा घाट मीच चालवते, मिस्टरांना घाटात झोप लागते.

आधी घाटाचं सांगते, कारण १९०-११२ हे आकडे वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल. ते १९० एनएम दोन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असताना मिळतात. त्याच्या खाली ते इंजिन झोपलेलं असतं, हे ती गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आता घाटातलं अवघड ठिकाण कुठलं? वळणावर पुढे चिऱ्याचा ट्रक, तो पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चाललाय, आपण मागे दुसऱ्यात, काटा बाराशे-तेराशेवर. तिथे डिझेल गदगदायला लागते. मग एकतर पहिला टाका नाहीतर हाफ क्लच करून टर्बो जागा होईपर्यंत रेटा. तुमचा क्लच जड झालाय त्यात या हाफ क्लचचा वाटा नक्की असणार. नवी पेट्रोल अशा जागी उलट बरी वागते. ताकद थोडी, पण पायाखाली लगेच येते आणि सरळ वाढत जाते, धक्का नाही.

मार खाते ती पुढच्या टप्प्यात. वळण संपलं, समोर शंभर-दीडशे मीटर सरळ चढ मोकळा दिसतोय आणि ट्रक काढायचा आहे. डिझेलला तिथे दुसऱ्यात दोन हजारांवर काटा गेला की गाडी अक्षरशः खेचली जायची, तिसरा टाकला तरी चालायचं. पेट्रोलचा पूर्ण टॉर्क ४३०० आरपीएमला आहे, म्हणजे दुसऱ्यातच ठेवून साडेतीन-चार हजारांपर्यंत न्यावी लागते. इंजिन ओरडतं. डिझेलवाल्याचा पाय आपोआप वरचा गिअर मागतो, ती सवय मोडावी लागते. आणि काही ठिकाणी मी डिझेलने जो ओव्हरटेक केला असता तो आता करत नाही, ट्रकच्या मागे राहते. पाच माणसं आणि एसी असेल तर हा फरक आणखी जाणवतो. ज्याला घाट भराभर काढायचाय त्याने ही गाडी घेऊ नये, मी तरी हेच सांगेन.

ॲव्हरेजचंही तसंच. कंपनी नव्या मॅन्युअलला २४.७९ सांगते, जुन्या डिझेलला २८.४० सांगत होती. मला मिश्र रस्त्यावर डिझेल एकवीसच्या आसपास द्यायची, ही सतराच्या आसपास देते. आपल्याकडे पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास. तुमच्या नऊ हजार किलोमीटरला वर्षाकाठी सोळा-सतरा हजारांचा फरक पडेल. तो पडतोच, लपवण्यात अर्थ नाही.

तरीही मी नवीच घ्या म्हणेन. त्याचं कारण पुढच्या सीटवरून दिसत नाही, मागे बसून बघा.

आपल्या जुन्या गाडीत दोन एअरबॅग, दोन्ही पुढे. मागच्यांना काही नाही. मागे मधे बसणाऱ्याला नुसता कमरेचा पट्टा. तुमच्याकडे मधे कोण बसतं? बहुतेक सहा वर्षांचं. आणि बाजूला आजी. आपण घरातल्या ज्यांना सगळ्यात जास्त जपतो त्यांना आपण मागे बसवतो, आणि जुन्या गाडीत सगळ्यात कमी संरक्षण त्यांनाच आहे. हे एकदा लक्षात आल्यावर मला ती गाडी चालवताना चैन पडेना.

आधीच्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोन तारे होते. नव्या गाडीला नोव्हेंबर २०२४मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि लहानांसाठी चार तारे मिळाले, मोठ्यांचे गुण ३४ पैकी ३१.२४. सांगाडाही स्थिर ठरला. नंतर भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे पाच. सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला आहेत, अगदी सगळ्यात खालच्या एलएक्सआयलाही, आणि त्यातल्या पडद्यासारख्या दोन मागच्या खिडकीपर्यंत येतात. मागे मधल्यालाही खांद्यावरून येणारा पट्टा. मागे कोणी पट्टा लावला नाही तर गाडी बोंबलत राहते. माझ्या सासूबाई आधी "मागे कशाला पट्टा" म्हणायच्या, आता दार लावलं की पहिला हात पट्ट्याकडे जातो.

घाटासाठी आणखी दोन गोष्टी. एक ईएसपी, पावसाळ्यात वळणावर गाडी घसरायला लागली तर वेगवेगळ्या चाकांना ब्रेक लावून सावरते. आपल्या डिझेल मॅन्युअलमध्ये हे नव्हतं. दुसरं हिल होल्ड. चढावर थांबलात, ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर मागे येत नाही, तेवढ्यात क्लच सोडून निघता येतं. मागे एसटी चिकटून उभी असताना हँडब्रेक धरून गाडी उठवायची ती कसरत संपली. इंजिनाची जी ताकद कमी झाली त्यातली थोडी भीती या हिल होल्डने भरून काढली असं मला वाटतं.

सह्यकडा म्हणतात ते इंजिनाबद्दल शंभर टक्के खरं आहे. तसं इंजिन परत होणे नाही. पण गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे.

चिरेबंदी

सीएनजीचा विचार का नाही? ३३.७३ किलोमीटर प्रति किलो सांगतात. खर्चाचा प्रश्नच मिटला.

कृष्णाकाठ

चिरेबंदी, सीएनजीत डिकी जाते हो. येताना आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, नारळ, सगळं डिकीतच असतं. सेडान घेतली तीच त्यासाठी. शिवाय सीएनजीवर ताकद आणखी कमी, ७० पीएस आणि १०२ एनएम, ती घाटात नको वाटते. कराडात रोजचं पन्नास-साठ किलोमीटर फिरणं असतं तर नक्की घेतली असती.

पन्हाळवाट ताई, मनापासून आभार. मधे धाकटीच बसते, बरोबर ओळखलंत. तीन शंका आहेत. आईला चढा-उतरायला नवी सोपी आहे का? तीन सिलिंडरचा थरथराट किती जाणवतो? आणि एका मित्राचं म्हणणं आहे की २०२०नंतरची जुन्या आकाराची पेट्रोल सेकंडहँड घे, तिला चार सिलिंडर आणि ९० पीएस आहे, नवीपेक्षा जोरकस आणि तीन-चार लाख वाचतील.

गिअरनॉब

मित्राचा सल्ला वाईट नाही. ते चार सिलिंडर इंजिन फार गोड आहे, लोण्यासारखं फिरतं. नव्याला आठ पीएस कमी आहेत, ते ॲव्हरेजसाठी कमी केलेत, जुन्या मॅन्युअलचा दावा २२.४१ होता. मी २०२१ची वापरतो. पुणे-सातारा खंबाटकी चढताना कधी कमी पडली नाही, पण खंबाटकी हा महामार्ग आहे, कुंभार्लीची सर त्याला नाही.

पन्हाळवाट

दादा, एकेक घेते.

आईंचं. दोन्ही गाड्यांची उंची जवळजवळ सारखीच, १५१५ आणि १५२५ मिलिमीटर. म्हणजे बसताना खाली वाकावंच लागतं, एसयूव्हीसारखं सरळ सरकून बसता येत नाही. गुडघे हाच मुख्य प्रश्न असेल तर डिझायर बदलून डिझायर घेऊन तो सुटणार नाही. एक करा. आईंना शोरूममध्ये न्या आणि त्यांना स्वतःला मागच्या डाव्या दाराने बसू द्या, हात देऊ नका. आधी पाठ सीटला टेकवून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उठताना उलट. पाय बाहेर टेकवून उठताना त्या दाराला धरून ओढ घेतात का, ते बघा. तसं करावं लागत असेल तर थोडी उंच गाडी बघा, भावना दुखवून घेऊ नका. सासूबाईंना आमच्याकडे जमतं, कारण त्या ठेंगण्या आहेत. सनरूफ फक्त सगळ्यात वरच्या झेडएक्सआय प्लसमध्ये आहे, त्याच्यासाठी वर जाऊ नका, पैसे वाचवा.

थरथराट सिग्नलला उभं असताना पायाशी आणि गिअरच्या दांड्यावर जाणवतो, गाडी निघाली की जातो. तुम्ही आठ वर्षं डिझेल चालवलंय, तुम्हाला ही गाडी उभी असताना शांतच वाटेल. चार सिलिंडर पेट्रोलवाल्याला मात्र खटकेल.

आणि सेकंडहँडचं. इंजिन चांगलं आहे, गिअरनॉब यांच्याशी मी सहमत आहे. पण ती गाडी म्हणजे तुमचीच गाडी, वेगळ्या इंजिनाची. तोच सांगाडा, त्याच दोन एअरबॅग, मधे तोच कमरेचा पट्टा. पैसे घालून तुम्ही जिथे आहात तिथेच राहाल, वर डिझेल जाईल ते वेगळं. त्यापेक्षा सह्यकडा म्हणतात तशी आहे तीच दुरुस्त करून ठेवा, ते जास्त शहाणपणाचं. म्हणजे माझ्या मते तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत, मधला नाही.

नवी ठरवलीत तर टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे घेऊन जा आणि शोरूमवाल्यांना स्पष्ट सांगा की चढाचा रस्ता हवा, एसी दोनवर ठेवून. चढावर पूर्ण थांबा, पहिला टाकून निघा, मग दुसऱ्यातच चार हजारांपर्यंत न्या. तो आवाज तुम्हाला सहन होतो का, एवढंच तपासायचंय. ते देत नसतील तर कोणा ओळखीच्याची गाडी अर्धा दिवस मागा आणि घाटाच्या अलीकडच्या हेळवाकच्या पुढे जाऊन या.

ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी घ्यायचा विचार असेल तर घाटात ती मॅन्युअल मोडवर टाकावी लागते, नाहीतर वळणावर नेमका नको तेव्हा गिअर बदलते. मला मॅन्युअलच आवडली.

आणि जुनी विकायचीच ठरली तर तो पासष्ट हजारांचा खर्च करू नका. टायर-क्लच नवे आहेत म्हणून कोणी साठ हजार जास्त देत नाही. आहे तशी दाखवा, सर्व्हिसच्या पावत्या एकत्र लावून ठेवा, डिझेलला घाटावर अजून चांगली मागणी आहे. एक्स्चेंजचा भाव घ्या, पण बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बाहेर दिलीत तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका, नव्या मालकाच्या नावाचं आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत मागे लागा.

कृष्णाकाठ

ताई, रविवारी आईला घेऊन जातोय शोरूमला. हात न देता बसवून बघतो. घाटाची फेरी द्यायला त्यांनी होकार दिलाय, पण कोयनानगरपर्यंतच. तिथून पुढे मेव्हण्याच्या मित्राची गाडी मिळते का बघतो. झालं की इथे लिहितो.

सह्यकडा

विकायची ठरली तर मला आधी सांगा. मी घेईन.