मदत हवी आहे: मुलांना घेऊन एक दिवसाचा ट्रेक, किती वेळ धरू?

घाईगडबड: रविवारी तीन कुटुंबं मिळून डोंगरावर जातोय. एकूण ९ किमी. फोनमधला नकाशा दोन तास दाखवतोय, मित्र म्हणतो चार धर, त्याची बायको म्हणते अख्खा दिवस जाईल. निघायची वेळ आज रात्री सगळ्यांना कळवायची आहे. फक्त आकडा सांगा, बुटांवर चर्चा नको.

पायवाट: चढ किती? मुलं केवढी?

डोंगरवेडा: बुटांचं म्हणाल तर कोरे करकरीत बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. सुती मोजे घामाने ओले होतात आणि ओलेच राहतात. टाच घासतेय असं पोर म्हणालं की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर काही उपयोग नाही.

घाईगडबड: 🙏 बुटांवर नको म्हटलं होतं. मुलं लहान आहेत पण चपळ आहेत. चढ नॉर्मल.

पायवाट: नॉर्मल म्हणजे किती मीटर?

निवांत: एवढं काय त्यात, सूत्र आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेलं: ताशी ५ किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास जादा.

काठीवाली_आजी: ते धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी, निवांतराव. त्यात शू नाही, बुटाची नाडी नाही, वाटेतला किडा बघणं नाही. मुलं असली की दुप्पट धरा.

निवांत: दुप्पट जास्त होतं. आमचा पाच वर्षांचा आमच्या पुढे असतो.

काठीवाली_आजी: जाताना सगळेच पुढे असतात.

घाईगडबड: बघितलं, चढ ७०० मीटर. मुलं ११, ८, ६ आणि ४ वर्षांची. शिवाय दहा महिन्यांचं बाळ, पण ते पाठीवरच्या कॅरियरमध्ये असेल म्हणून धरलं नव्हतं.

पायवाट: बाळ आत्ता सांगताय? उचलणारा घामाघूम होतो, बाळ मात्र हलत नाही, त्यामुळे ते गारठतं. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे तुमच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा चार-साडेचार अंश कमी, वारा वेगळाच. बाळाचे हातपाय अधूनमधून चाचपत राहा. आणि चार वर्षांचं पोर थकलं की खांद्यावर कोण घेणार? एक पाठ तर आधीच अडकलीय.

उंचावर: डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच खाली उतरा. विरळ हवा लहान मुलांनाही बाधते.

पायवाट: तो त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. माथा किती उंच आहे ते तर कळू दे.

घाईगडबड: माथा ११०० मीटर. आणि उतरताना दुसरी वाट घेणार आहोत, म्हणजे पोरांना कंटाळा येणार नाही.

काठीवाली_आजी: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! आल्या वाटेने उतरायचं असेल तर कुठूनही मागे फिरता येतं. फेरीत अर्ध्याच्या पुढे गेलात की फिरायचं कुठे? नेस्मिथच्या हिशेबाने तीन तास, दुप्पट सहा, वर खाणं-बसणं एक, झाले सात. सातला निघा. अकराला माथा समोर दिसत असला तरी वळा, आणि हे मुलांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड.

डोंगरवेडा: +१. गडगडाट ऐकू आला तर माथा सोडा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही. प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी. हरवलं की एका जागी उभं राहून मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं.

निवांत: अवांतर: स्पीकर नेणार असाल तर पायथ्यालाच ठेवा. गेल्या वेळी एका टोळक्याने डोकं उठवलं होतं.

उंचावर: मुलांना गाणी लावली तर बिघडलं काय?

निवांत: पोरांना गाता येत नाही का?

घाईगडबड: बरं, सात वाजता आणि त्याच वाटेने परत. ग्रुपवर टाकलं. आता मित्र विचारतोय, कुत्रा आणू का?

पायवाट: कुत्र्याचं नंतर. सगळ्यांच्या मागे कोण चालणार ते ठरलंय का?